प्रेक्षणीय स्थळ क्रमांक अकरा

परदेशात शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींचा वीकएंड आणि आपल्याकडची अष्टविनायक यात्रा यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. दोन दिवस, आठ गणपती. पहाटे उठायचं, गाडी गाठायची, रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं आणि "चला चला, पुढचं बंद होईल!" करत पळायचं. फरक एवढाच की अष्टविनायकात निदान हात तरी जोडले जातात. इकडे दोन्ही हातांत मोबाइल!

गेल्या वर्षी एका सेमिस्टरसाठी मी जर्मनीत आखेनला होते. आमचा सात जणांचा ग्रुप. मेकॅनिकलचे तिघं, कॉम्पचे दोघं, ई अँड टीसीची एक आणि सिव्हिलवाला एकच बिचारा. शुक्रवारी शेवटचं लेक्चर संपलं की पाठीवर सॅक टाकायची आणि नकाशात बोट पडेल त्या गावाला निघायचं असा शिरस्ता. आखेनहून कोलोन रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर. म्हणजे आपलं पुणे-लोणावळाच की! त्यामुळे पहिला मान कोलोनचा.

कोलोन म्हणजे तेच, ज्याच्या नावाचं अत्तर आपल्याकडे आजोबा लोक रुमालाला लावायचे. ओ द कोलोन, म्हणजे 'कोलोनचं पाणी'. ऱ्हाइन नदीच्या काठी रोमन लोकांनी वसवलेलं हे गाव. दोन दिवसांसाठी आम्ही दहा स्थळांची यादी केली. कॅथीड्रल बाहेरून, कॅथीड्रल आतून, कॅथीड्रलचा टॉवर (हो, एकाच देवळाची तीन स्थळं!), कुलपांचा पूल, नदीपलीकडून फोटो, जुनं गाव, अत्तराचं दुकान, चॉकलेट म्युझियम, रोमन काळातले अवशेष आणि लुडविग म्युझियम. यादी कुठून आली? जिथून सगळ्यांची येते तिथूनच. दुसऱ्यांच्या यादीतून. त्यांनी ती तिसऱ्यांच्या यादीतून उचललेली असते.

अकरावं स्थळ सिव्हिलवाल्याने सुचवलं. त्याबद्दलच मला आज लिहायचंय. पण आधी पहिल्या दहांवर अन्याय नको. ती बघण्यासारखी आहेतच.

कॅथीड्रलचंच बघा. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की समोर 157 मीटरचे दोन काळपट मनोरे उभे. मान मागे टाकून टाकून दुखायला लागते. 1248 साली काम सुरू झालं आणि 1880 साली संपलं. 632 वर्षं! मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं काम ठप्पच होतं. दक्षिणेकडचा मनोरा अर्धवट, आणि त्याच्या डोक्यावर लाकडी क्रेन तशीच उभी. ती क्रेन साधारण चारशे वर्षं कोलोनची ओळख होती म्हणे. चित्रांमध्येसुद्धा गावाच्या वर ती क्रेन दिसते. मग एकोणिसाव्या शतकात मूळ दर्शनी भागाचा मध्ययुगीन नकाशा सापडला. एक तुकडा 1814 मध्ये डार्मश्टाटला आणि दुसरा 1816 मध्ये पॅरिसला. 1842 मध्ये काम पुन्हा सुरू झालं, आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगवरून मनोरे पूर्ण झाले. आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री गेल्या आठवड्यातली शीट सापडत नाही, तिथे हे!

पूर्ण झालं तेव्हा ती जगातली सगळ्यात उंच वास्तू होती, 1884 पर्यंत. टॉवरच्या 533 पायऱ्या आम्ही चढलो. वरून ऱ्हाइन आणि होहेनझोलर्न पूल दिसतो. त्या पुलाच्या जाळीला प्रेमवीरांनी इतकी कुलपं लावलीयेत की जाळी दिसतच नाही. तिथेही फोटो झाले. ग्रुपमधल्या एका जोडीने कुलूपही लावलं. (नावं लिहीत नाही. घाबरू नका.)

तर शनिवारी सहा स्थळं झाली. रविवारी सकाळी लक्षात आलं की जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. अत्तर गेलं. म्युझियम उघडायलाही वेळ होता. दोन तास मोकळे पडले. तेव्हा सिव्हिलवाला म्हणाला, "चला, एक खड्डा दाखवतो."

"खड्डा बघायला जर्मनीला आलो का? आपल्याकडे काय कमी आहेत?" लगेच कोणीतरी म्हणालंच. हसून झालं. मतदान झालं. चार विरुद्ध तीन, खड्डा जिंकला.

कॅथीड्रलपासून दक्षिणेला वीस-पंचवीस मिनिटं चालत गेलं की वाइडमार्क्ट नावाचा भाग येतो आणि झेवेरीनश्ट्रासे नावाचा रस्ता लागतो. साधा रस्ता. दुकानं, घरं, समोर एक शाळा. मध्ये कुंपण घातलेली जागा. इथे कोलोन शहराचं ऐतिहासिक अभिलेखागार होतं. 1971 साली बांधलेली भक्कम इमारत. आत कागदपत्रांचे जवळजवळ 30 किलोमीटर. म्हणजे फडताळं एकापुढे एक ठेवली तर तेवढी लांबी. सगळ्यात जुना दस्तऐवज 922 सालचा. नोबेल मिळालेले कोलोनचे लेखक हाइनरिश ब्योल यांचे कागदही इथेच. दुसऱ्या महायुद्धात हे शहर बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झालं, पण हा संग्रह आधीच बाहेर हलवला होता म्हणून वाचला.

आणि 3 मार्च 2009 रोजी, भर दुपारी दोनच्या सुमाराला, शांततेच्या काळात, ही इमारत काही मिनिटांत समोरच्या खड्ड्यात कोसळली. शेजारच्या दोन घरांचे भागही गेले. त्या घरांत दोन तरुण मुलं होती. एक 17 वर्षांचा, एक 24 वर्षांचा. दोघंही गेली.

सतरा आणि चोवीस. आम्हा सातही जणांची वयं या दोन आकड्यांच्या मधली होती. त्यानंतर खड्ड्यावर कोणी विनोद केला नाही.

आता कारण. शहराच्या उत्तर-दक्षिण भुयारी रेल्वेसाठी इमारतीच्या अगदी समोर खोल खोदकाम चालू होतं. सिव्हिलवाल्याने आम्हा 'नॉन-सिव्हिल' जनतेला समजावलं ते असं. गावाच्या मध्ये, नदीजवळ, वाळू आणि पाणी असलेल्या जमिनीत खड्डा खणायचा तर आधी त्याच्या चारी बाजूंनी जमिनीत भिंत बांधून घेतात. तिला डायफ्राम वॉल म्हणतात. अरुंद आणि खूप खोल चर खणायचा, तो ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट मातीचा पातळ चिखल भरून ठेवायचा, मग सळ्यांचा पिंजरा सोडायचा आणि पाइपने तळापासून काँक्रीट भरत वर यायचं. काँक्रीट खालून चढतं तसा चिखल वरून बाहेर पडतो. अशी एक पट्टी झाली की शेजारी दुसरी. पट्टीला पट्टी जोडत भिंत पूर्ण झाली की मग आतली माती काढायची. बाहेरचं पाणी बाहेर, आतला खड्डा कोरडा. हुशार पद्धत आहे. जगभर वापरतात.

पण ही भिंत डोळ्यांनी दिसत नाही ना! ती जमिनीच्या आत, चिखलाच्या आत जन्माला येते. इथे एका पट्टीचा चर खणताना खाली अडथळा लागला आणि तिथे काँक्रीट नीट बसलंच नाही. भिंतीत माती राहिली. म्हणजेच एक कच्चा भाग. तसाच तो झाकला गेला, वर काम चालू राहिलं. वर्षं गेली. मग खड्डा खोल झाल्यावर एके दिवशी त्या कच्च्या जागेतून भूजल आत घुसलं आणि येताना शेजारच्या पायाखालची वाळू घेऊन आलं. तांदळाच्या पोत्याला खाली भोक पडलं की वरून पोतं धडधाकट दिसतं आणि मग एकदम बसतं, तसं. पुढच्या तपासात बांधकामाच्या काही नोंदी खोट्या असल्याचंही बाहेर आलं.

बरं, जमिनीने आधी काही सांगितलंच नव्हतं का? सांगितलं होतं. याच रेल्वेच्या कामामुळे 2004 साली त्याच भागातल्या सेंट योहान बाप्टिस्ट चर्चचा मनोरा पाऊण मीटरहून जास्त कलला होता. लोक त्याला गमतीने पिसाचा भाऊ म्हणायचे. 2005 मध्ये तो जॅक लावून सरळ केला. मनोरा सरळ झाला, गंमत संपली, काम पुढे चालू.

हे सगळं त्या कुंपणाबाहेर उभं राहून ऐकताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. काल बघितलेल्या कॅथीड्रलवर युद्धात किमान 14 बॉम्ब पडले होते. तरी ते उभं. आणि हे अभिलेखागार पाडायला एकही बॉम्ब लागला नाही. एका पट्टीतला, कोणालाही न दिसलेला कच्चा भाग पुरला.

माझं म्हणणं आता सरळ मांडते. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने कुठल्याही शहरात सहलीला गेल्यावर, यादीत दहा सुंदर गोष्टी खुशाल ठेवाव्यात, पण एक जागा अशी ठेवावी जिथे आपल्या पेशाची हार झाली. आणि ती दहावीनंतर उरलेल्या वेळात नाही, ठरवून बघावी.

का? कारण पूर्ण झालेली सुंदर वास्तू आपल्याला काहीच सांगत नाही. ती फक्त 'वा!' म्हणायला लावते. कॅथीड्रलसमोर उभं राहून आम्ही सातही जण 'वा!' म्हणालो. हाच 'वा!' तिथे आलेल्या प्रत्येक माणसाने म्हटला असणार, इंजिनिअर असो वा नसो. मग आपण चार वर्षं शिकतो ते कशाला? खड्ड्यापाशी मात्र प्रश्न सुरू झाले. मेकॅनिकलवाला विचारायला लागला, पंप किती होते, पाणी किती उपसत होते, उपसा वाढला हे कोणाला दिसलं का? ई अँड टीसीची म्हणाली, इमारतीला सेन्सर होते का, आणि असले तर त्यांचे आकडे कोण वाचत होतं? कॉम्पवाल्याने विचारलं, खोटी नोंद सिस्टीममध्ये पकडता येते का? म्हणजे एक खड्डा, आणि चारही ब्रँच कामाला लागल्या. असं आमच्या कुठल्याही सेमिनारमध्ये झालेलं मला आठवत नाही.

यावर ग्रुपमधल्याच एकीचं म्हणणं होतं, "सुट्टीत मेलेल्या माणसांची जागा काय बघायची? बरं दिसतं का ते?" प्रश्न बरोबर आहे. अपघाताची जागा बघायला गर्दी करणं आणि तिथे दात काढून फोटो काढणं मलाही आवडत नाही. पण बघणं आणि तमाशा बघणं यांत फरक आहे. डॉक्टर होणारी मुलं पोस्टमॉर्टेम बघतात. त्यांना कोणी निर्दयी म्हणत नाही. उलट ते न बघता जो डॉक्टर होईल त्याच्याकडे आपण जाणार नाही. आपल्या पेशात माणसं मरतात ती एकेक करून नाही मरत. मग आपल्याला पोस्टमॉर्टेम का माफ?

दुसरं म्हणणं, "तिथे बघण्यासारखं काही नाहीच!" हे तर अगदी खरं. कुंपण, यंत्रं, माती. मी कॉन्व्हेंटमधली. 'साइटसीइंग' हा शब्द मला लहानपणापासून येतो, 'प्रेक्षणीय स्थळ' हा कॉलेजात आल्यावर समजला. पण मराठी शब्द मला जास्त खरा वाटतो. प्रेक्षणीय म्हणजे बघण्याच्या योग्यतेचं. योग्यता ठरवायची तर आधी माहिती पाहिजे. कॅथीड्रल न वाचता बघता येतं. खड्डा वाचून आल्याशिवाय दिसतच नाही. सिव्हिलवाल्याने आदल्या रात्री तासभर वाचलं होतं म्हणून आम्हा सहा जणांना तो दिसला. तो नसता तर आम्ही त्या रस्त्यावरून आइस्क्रीम खात गेलो असतो.

आणि त्या जागेत फक्त हारच आहे असंही नाही. त्या दुपारी खाली काम करणाऱ्या मजुरांनी पाणी येताना बघितलं, ते धावत वर आले आणि ओरडून लोकांना सावध केलं. त्यामुळे अभिलेखागारातले कर्मचारी आणि वाचक वेळेत बाहेर पडले. नंतर ढिगाऱ्यातून आणि भूजलातून महिनोन्‌महिने कागद काढले गेले. भिजलेल्यांना बुरशी लागू नये म्हणून ते गोठवून ठेवले, आणि मग गोठलेल्या अवस्थेतच पोकळीत वाळवले. आपण फ्रीझ-ड्राइंग इन्स्टंट कॉफीसाठी वाचतो, तेच तंत्र! संग्रहाचा फार मोठा भाग परत मिळाला. 2021 मध्ये अभिलेखागाराची नवी इमारत सुरू झाली. कागद दुरुस्त करायला मात्र दशकं लागणार आहेत. एका पट्टीची चूक, आणि दुरुस्तीला एक अख्खी पिढी.

पैशाचंही सांगते, म्हणजे 'प्रॅक्टिकल' लोकांचं समाधान होईल. 2020 मध्ये बांधकाम कंपन्यांनी शहराला 60 कोटी युरो द्यायचं मान्य करून तडजोड केली. भिंतीच्या त्या पट्टीचं काम थांबवून, अडथळा काढून, पुन्हा करायला किती लागले असते? जे काही लागले असते, ते याच्यासमोर चिल्लरच ठरलं असतं.

आता मित्रांनो, तुम्ही म्हणाल ही बया जर्मनीहून आली आणि आम्हाला ज्ञान पाजतेय. तर आपल्या घरचंच बोलू. कोकण-गोव्याच्या ट्रिपला आपल्या बसेस मुंबई-गोवा हायवेने महाडवरून जातात. महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि आणखी वाहनं माणसांसकट नदीत गेली. 2017 च्या जूनमध्ये तिथे नवा पूल सुरू झाला. आपण त्या नव्या पुलावरून अंताक्षरी खेळत जातो. बस थांबवून दहा मिनिटं उतरलेली एकही ट्रिप मी ऐकली नाही. फर्स्ट इयरला टॅकोमा नॅरोजचा 1940 चा हलणारा पूल मात्र सगळ्यांनी व्हिडिओत बघितलेला असतो, शिट्ट्या मारत. अमेरिकेतला पडलेला पूल अभ्यासक्रमात आणि आपल्या रस्त्यावरचा पडलेला पूल ऑप्शनला. वा रे वा!

आणि हे आत्ताच बोलायला हवं, कारण कोलोनला जे काम चाललं होतं तेच आता आपल्या पायाखाली चालू आहे. पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाली, मंडईच्या आणि जुन्या वाड्यांच्या वस्तीखालून. मुंबईची 33.5 किलोमीटरची मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली, गिरगाव-काळबादेवीसारख्या दाट जुन्या वस्तीखालून. पुढच्या मार्गांवर आपल्यातलेच कोणीतरी साइटवर ट्रेनी म्हणून उभे असतील. बूट चिखलात, डोक्यावर हेल्मेट, हातात नोंदवही. रात्रीचे दोन वाजलेले. चर खणणाऱ्या यंत्राला खाली काहीतरी लागलं. सिनिअर म्हणतोय, "लिही ओके, गाडी थांबलीय काँक्रीटची." त्या क्षणी कॅथीड्रलचा फोटो उपयोगी पडणार नाही. कुंपणापाशी ऐकलेले सतरा आणि चोवीस हे दोन आकडे पडले तर पडतील.

म्हणून माझी एक साधी सूचना. पुढच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला, ट्रिपला, किंवा नशीब असेल तर युरोपच्या वीकएंडला, यादीत एक ओळ याच्यासाठी राखून ठेवा. ग्रुपमधल्या एकाने आदल्या रात्री तासभर वाचायचं. जागेवर वीस मिनिटं थांबायचं. तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची. काय चुकलं? ते आधी कोणाला दिसू शकलं असतं? आणि दिसल्यावर ओरडण्याची हिंमत कोणी केली? बस्स. सर्टिफिकेट नको, रिपोर्ट नको, पीपीटी तर मुळीच नको.

बाकी दहा स्थळं आहेतच. चॉकलेट म्युझियम तर चुकवूच नका. तिथे चॉकलेटचं कारंजं आहे आणि वेफर बुडवून देतात!